वाघबारशीचा कोरा बार

सुतळी बॉम्ब लावणाऱ्या पोरांवर मी दरवर्षी ओरडते, आणि दरवर्षी मुद्दाम थोडी उशिराच ओरडते. सरावलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर ब्लाउजांचा ढीग माझ्या खांद्याला लागतो, प्रत्येकीला आपलाच आधी हवा असतो आणि प्रत्येकीला मी "देते गं, देते" म्हणून बसलेली असते. अशा वेळी गल्लीत बॉम्ब फुटतो. समोरची बाई दचकून छातीवर हात ठेवते. आवाज विरतो, आणि मग सावकाश, पाहुण्यासारखा, दारातून तो वास आत येतो. जळलेल्या गंधकाचा, थोडा कुजका, थोडा गोडसर. मशीनवरचा माझा पाय थांबतो. तो वास पुरता छातीत भरून घेते आणि मगच दाराबाहेर तोंड काढते, "ए कार्ट्यांनो, दुसरी गल्ली नाही का तुम्हाला?"

लोकांच्या वडिलांना विडीचा वास असतो, घामाचा असतो, साबणाचा असतो. माझ्या बाबांना ह्या दारूचा वास होता. प्यायच्या नव्हे, उडवायच्या. मुंबईकडच्या गिऱ्हाइकांना हे सांगताना मला प्रत्येक वेळी खुलासा करावा लागतो, नाहीतर त्या उगीच हळहळतात.

आमचं घर रानशेतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. पाड्यात पंधरा-वीस घरं, खाली भाताची खाचरं, वर नागली-वरईचे उतार, आणि त्याच्याही वर सागाचं आणि बांबूचं रान. त्या घरात आजोबांच्या वेळची एक ठासणीची बंदूक होती. लांबलचक नळी, आतून नुसती गुळगुळीत. दस्ता हातांच्या घामानं काळा झालेला, एके ठिकाणी तडकलेला आणि तांब्याच्या तारेनं बांधलेला. परवाना पीक राखण्यापुरता होता. रानडुकरं आणि माकडं पिकात उतरतात, त्यांना हुसकायला. पण परवान्यातलं सगळं अक्षर न् अक्षर पाळणारा माणूस आमच्या डोंगरात तेव्हा नव्हता. पावसाळा ओसरला, हळवं भात कापून झालं, गरवं अजून पिवळं होत उभं असलं, की बाबांच्या बोटांना खाज सुटायची. तेव्हाच्या दिवसांचा रंग मला अजून दिसतो. कापलेल्या खाचरांत धसकटं, त्यांच्यावर कोळिष्टकं, कोळिष्टकांवर दव. सूर्य डोंगराआड असायचा तोवर सगळं पांढरं, आणि तो वर आला की एका क्षणात सगळं सोनेरी.

भाऊ दिनेश माझ्याहून लहान आणि झोपेचा पक्का. त्याला उठवायचं म्हणजे बैल उठवण्यापेक्षा कठीण. म्हणून बाबांबरोबर मी जायची. आई कुरकुर करायची, "पोरीला कशाला नेता रानात?" बाबा म्हणायचे, "ती बोलत नाय म्हणून." मी बोलत नाही असं म्हणणारा तो जगातला एकमेव माणूस. पण रानात मी खरंच बोलत नसे.

बंदूक भरायचा सोहळा बांबूच्या बेटाजवळ व्हायचा. बाबा उकिडवे बसायचे. म्हशीच्या शिंगातली काळी दारू बांबूच्या मापात घ्यायची, नळीत ओतायची, नळीला दोन टिचक्या मारायच्या. मग काथ्याचा बोळा. मग लोखंडी गज नळीत घालून तो बोळा ठासायचा, तीनदा, कान देऊन, कारण आवाज बदलला की समजायचं बसला. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासण. सगळ्यात शेवटी घोड्याखालच्या कान्यावर डाळीएवढी तांब्याची टोपी. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर पडतो, टोपीतली ठिणगी कान्याच्या बारीक भोकातून आत जाते आणि दारू पेटते. एवढं झालं की बाबा माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. एक बार. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि तोवर ससा गुजरातेत.

आम्ही बसायचो. नुसतं बसायचो. त्या बसण्याची चव मला नंतर कुठेच मिळाली नाही, देवळातही नाही. पाय थंड पडायचे, नाकाला धुक्याचा वास, अंगावरच्या घोंगडीला मेंढ्यांचा. मग बेटाच्या आतून रानकोंबडा आरवायचा. घरचा कोंबडा कसा ऐटीत, गावाला ऐकवत ओरडतो, तसा तो नव्हे. हा तुटक ओरडायचा, मध्येच थांबायचा, आपणच आपलं ऐकायचा. मग पाचोळ्यात खसखस. मग धूसर पिसांवरचे ते पिवळे-पांढरे ठिपके, मेणाचे थेंब सांडल्यासारखे, आणि मागे शेपटीची काळी कमान. बाबा बंदूक उचलायचे ते इतकं हळू, की उचलताना मी कधी पाहिलंच नाही. आधी ती मांडीवर असायची, नंतर खांद्याला.

आणि ठासणीच्या बंदुकीची खरी गंमत त्याच्यापुढे. बार उडाला की पांढरा धूर असा काही पसरतो, की उडवणाऱ्यालाच काही दिसत नाही. पाखरू पडलं की पळालं, कळायला मार्ग नाही. आवाज डोंगरावर आपटून परत येतो, सागाची पानं टपटपतात, आणि आपण दोघं धुरात. मी विचारायची, "लागला?" बाबा म्हणायचे, "थांब. धूर जाऊ दे." किती वेळ जायचा कोण जाणे. मला वाटायचं आम्ही दोघं ढगात बसलोय आणि खाली आई भाकऱ्या थापतेय. पाखरू मिळालं तर आनंद व्हायचाच, खोटं कशाला बोलू. पण मला त्यापेक्षा तो धूर आवडायचा.

घरी मग रस्सा, लाल, झणझणीत, बरोबर नागलीची भाकर. जेवताना कुणाच्या तरी दाताखाली कट्‌ व्हायचं. छर्रा! ज्याला छर्रा निघाला तो त्या दिवशी भांडी घासण्यातून सुटला, असा आमच्याकडे नियम. दिनेशला दर वेळी निघायचा. कितीतरी वर्षांनी स्वतःच्या लग्नात त्यानंच कबूल केलं, की तो एकच छर्रा गालात ठेवून बसायचा.

पुढे शिकार सुटली. जंगलखात्याची माणसं येऊ लागली, हे एक कारण. पण बाबांनी बंदूक पाखरावर धरणं सोडलं ते त्यामुळे नव्हे. एका वर्षी बेटात कोंबडा आरवेनाच. आम्ही सलग कितीतरी सकाळी जाऊन बसलो. पाचोळा होता, धुकं होतं, बांबूची करकर होती. तो आवाज तेवढा नव्हता. बाबा उठले, धोतराचा मागचा भाग झटकला आणि म्हणाले, "आपणच संपवला. आता याचं आरवणं ऐकायला आपण कुठं जायचं?" त्यानंतर छर्रे भरले ते फक्त डुकरांसाठी, तेही शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून, आणि बहुधा हवेतच सोडण्यासाठी. काही वर्षांनी कोंबडा परत आला. बाबा त्याला ऐकायला जात, नुसतेच, हात मागे बांधून.

ठासणीच्या बंदुकीचा एक गुण आहे, आणि त्यातच तिचं भय आहे. एकदा भरली की ती सहजासहजी रिकामी होत नाही. एकतर उडवायची, नाहीतर पाणी ओतून, गजाच्या टोकाला स्क्रूसारखा पेच लावून, बोळे एकेक ओढून काढत बसायचं. आणि बाहेरून बघून ती भरलेली आहे की रिकामी, हे कुणालाच कळत नाही. म्हणून आमच्या घरचा कायदा होता. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत येणार नाही. परतताना अंगणाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली थांबायचं, गज नळीत सोडायचा. गज नळीच्या तोंडाशी समतल राहिला तर आत काही नाही. चार बोटं वर राहिला तर भरलेली. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "भरलेली हाय का?" बाबा बाहेरून सांगायचे, "रिकामी." मग आतून, "मग या घरात." आई गेली तरी बाबा मोहाखाली थांबायचे, गज टाकायचे, आणि कुणी विचारलेलं नसताना मोठ्यानं सांगायचे, "रिकामी."

दिवाळीच्या आधी जिला शहरात वसुबारस म्हणतात ती आमच्याकडे वाघबारस. शिवेवर सागाच्या लाकडाचा वाघदेव आहे, शेंदरानं माखलेला, शेपूट थेट पाठीवर आलेली. त्या दिवशी पाडा तिथं जमतो. गुरं राखणारी पोरं पुढं, बाया मागं, नारळ, काकडी, नव्या तांदळाचे दाणे. आणि पूजा झाली की आमच्या घराकडून एक कोरा बार. नुसती दारू आणि बोळा, छर्रा नाही, आभाळाकडे. वाघाला कळावं म्हणून, की आम्ही आहोत, तू तुझ्या वाटेनं जा. आता वाघ कुठला! पण बार उडाला नाही तर दिवाळी सुरू झाली असं पाड्यात कुणाला वाटत नसे. तो बार आजोबांनी उडवला, मग बाबांनी. बाबांच्या आयुष्यातली ती एक मोठी गोष्ट होती. बाकी ते शेतावरचा साधा माणूस, लग्नकार्यात मागच्या रांगेत बसणारे. वाघबारशीला मात्र ते कोऱ्या सदऱ्यात सगळ्यांच्या पुढे असत, आणि सदरा अर्थातच मी शिवलेला असे.

मला जो हंगाम सांगायचा आहे तो आई गेल्यानंतरचा. त्या वर्षी भात भरघोस आलं होतं, लोंब्या इतक्या वाकलेल्या की बांधावरून चालताना पोटऱ्यांना लागत. मी वाघबारशीसाठी दोन दिवस आधीच माहेरी गेले. दिनेशची बायको, माझी वहिनी, वेवजीची, गुजरातच्या सीमेवरची. तिच्या मराठीत अजून गुजराती शिंपडलेली असते आणि ती मला गोड वाटते. तिनं मला चुलीपाशी बसवलं, चहा दिला आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, बाबांचं काय तरी होते. बोलू की नको, समजत नाय."

"काय होतं?"

"काल बैलांना दोन वेळा पाणी पाजलं. पोरगा बोलला, आजोबा, पाजलं ने आता. तर चिडले एकदम. परवा माझंच नाव विसरले. मला 'ए बाय' बोलले. मी हसले, तर दिवसभर जेवले नाय."

मी तिला म्हटलं, वय झालं, होतं असं. आपण आपल्यालाच फसवायला किती चटकन शब्द शोधतो! कारण त्याच संध्याकाळी बाबांनी मला तीच रानकोंबड्याची गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा पहिल्याइतकीच रंगून. मीही दुसऱ्यांदा पहिल्याइतकीच हसले. बाहेर खळ्यावर ऊन उतरत होतं, भाताच्या उडव्यांच्या सावल्या लांबल्या होत्या, आणि बाबांचा चेहरा एवढा समाधानी होता की मला वाटलं, काय बिघडतं? एक गोष्ट दोनदा ऐकली तर झिजते थोडीच.

वाघबारशीच्या सकाळी ते माळ्यावरून उतरले. डुकरांसाठी संध्याकाळपासूनच ते तिथं होते. बंदूक मोहाला टेकवली, शिंग घेतलं, कोऱ्या बारासाठी दारू घातली, बोळा ठासला. मी अंगण सारवत होते. ठासणीचा आवाज कानावर पडला आणि हात थांबला. लहानपणापासून तो आवाज मी ऐकत आले. पोकळ ठण्‌ असा सुरू होतो आणि मग बसतो. आज तो पहिल्यापासूनच बसका होता. जसं काही खाली आधीच कुणी बसलेलं आहे.

बाबा विहिरीवर आंघोळीला गेले. मी शेणाचे हात धुतले, मोहाखाली गेले, गज उचलून नळीत सोडला. कोऱ्या बाराला गज दोन बोटं वर राहतो. तो चांगला सहा बोटं वर राहिला.

कळायला वेळ लागला नाही. डुकरांसाठी संध्याकाळी भरलेला छर्ऱ्यांचा बार आतच होता. डुकरं आली नसणार, बार उडाला नसणार, आणि ज्या माणसानं जन्मात गज टाकल्याशिवाय बंदुकीला हात लावला नाही तो गज टाकायचा विसरला. त्याच्यावर आज दुसरी दारू. आजोबांच्या वेळची ती नळी. दुहेरी बार झाला तर ती फुटणार, बाबांच्या गालाला टेकलेली असताना, आणि भोवती पाड्याची सगळी पोरं.

ते ओल्या अंगानं आले तेव्हा मी शक्य तितक्या सहज विचारलं, "बाबा, गज टाकून बघितला ना?"

"मला शिकवतंस?" ते म्हणाले. रागानं नाही, हसून. तेच वाईट. "तुझ्या जन्माच्या आधीपासून भरतोय."

"तरी एकदा..."

"मंगे, सदरा आण. लोकं जमली असतील."

सांगता आलं असतं. बाबा, तुम्ही विसरलात, असं तोंडावर. पण वहिनीच्या नुसत्या हसण्यानं उपाशी राहिलेला माणूस होता तो. वर्षातून ज्या एका सकाळी तो पुढे उभा राहतो, त्याच सकाळी त्याला अंगणात खाली पाडायचं? आणि तो मानलाच नसता तर? मी सदरा आणायला आत गेले. सदरा द्यायच्या आधी पिशवीतून गोधडीची जाड सुई काढली, चुलीजवळची सांडशी घेतली.

शिंपिणीला देवानं दिलेली बुद्धी सुईएवढीच असते. बाबा सदऱ्याची बटणं लावत पाठमोरे होते. मी मोहाला टेकवलेल्या बंदुकीचा घोडा उचलला, कान्याच्या बारीक भोकात सुई दाबून बसवली, सांडशीनं आत रेटली आणि वरचा भाग मोडून टाकला. टाका सरळ बसला. आता टोपी फुटली तरी ठिणगीला आत जायला वाट नव्हती.

शिवेपर्यंतची ती वाट मला स्वप्नात दिसते. पुढे बाबा, खांद्यावर बंदूक, मागे माझ्याहून लांब त्यांची सावली. दोन्हीकडे पिवळं भात, मधून उडणारे पोपट, कुणीतरी आधीच पेटवलेल्या लाकडांचा धूर. पूजा लखमाकाकांनी केली. ते बाबांचे लहानपणचे सोबती, अंगात बारीक पण आवाजानं मोठे. नारळ फुटला, पोरांनी काकडीसाठी धक्काबुक्की केली. मग सगळे मागे सरले आणि बाबा पुढे झाले. टोपी बसवली. बंदूक आभाळाकडे. सगळ्या पोरांनी कानांवर हात ठेवले. मी नाही ठेवले.

टक्‌.

एवढंच. टोपीच्या धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि मोडली. पोरांनी कानांवरचे हात हळूहळू काढले. आमच्या पाड्यात वाघदेवासमोर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लांब कुठंतरी बेटात रानकोंबडा तेवढा ओरडला.

लखमाकाका पुढे आले. "काय रं, रुसला का देव?"

बाबांनी फुटलेली टोपी नखानं काढली, कान्याकडे पाहिलं. त्यांचा अंगठा तिथंच राहिला. मग त्यांनी मान वर करून बायांच्या घोळक्यात मला शोधलं. बरोबर मलाच. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. तिथं प्रश्न होता.

"रुसला नाय," ते लखमाकाकांना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यंदाचा बार त्यानंच ठेवून घेतला. वाटा प्रसाद."

देवानंच घेतला म्हटल्यावर कोण काय बोलणार! पोरं प्रसादावर तुटून पडली. दिवाळी सुरू झाली.

घरी आल्यावर बाबा उंबरा चढले नाहीत. मोहाखाली बसले. वहिनीनं ताट बाहेर आणलं तर म्हणाले, "भरलेली हाय, तिला सोडून कसा येऊ?" तिथंच जेवले. त्याआधी नळीत पाणी ओतून ठेवलं होतं. ऊन कलेपर्यंत ती भिजत राहिली, आणि आम्ही दोघं बसून राहिलो, पूर्वी बेटाजवळ बसायचो तसेच. मोहाची पानं पडत होती. मग त्यांनी गजाच्या टोकाला पेच लावला, पितळी परात पुढ्यात ओढली.

आधी कोऱ्या बाराचा बोळा आला, ओला, काळा. मागून दारूचा चिखल. बाबांनी नळी परातीवर उलटी करून झटकली. इथं संपायला हवं होतं. त्यांच्या हिशोबानं संपलं होतं. गज टाकून बघताना त्यांचा हात मध्येच अडला. पुन्हा पेच घातला. आणखी एक बोळा आला. आणि मग परातीत छर्रे पडायला लागले. टण्‌, टण्‌, मग एकदम ओंजळभर. ते घरंगळत परातीच्या मधोमध जमा झाले.

बाबांनी बोटानं ते बाजूला सारून पाहिले.

"कोऱ्या बारात छर्रे कुठून आले?" त्यांनी विचारलं. मला नाही, छर्ऱ्यांनाच.

"डुकरांसाठी भरली असेल तुम्ही. माळ्यावर."

"मी?"

"हो."

"मला आठवत नाय." हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. त्यांनी एक छर्रा उचलला, बोटांत फिरवला. "लखमाचा नातू पुढंच उभा होता," ते म्हणाले. मग, "सुई गोधडीची का?"

"हो."

"जाड होती. निघता निघायची नाय." आणि ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांचा हात धरला. त्याला दारूचा वास येत होता. मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा, माझं तुमच्यावर फार प्रेम आहे. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. मी परात उचलली.

त्यांनी गज पुसला, तेलाचा बोळा फिरवला आणि माझ्या हातात दिला. "बंदूक घरात राहील. हा तू घेऊन जा."

गजाशिवाय ठासणीची बंदूक म्हणजे नुसती काठी. हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं. पुढच्या निवडणुकीला आचारसंहिता लागली तेव्हा रीतीप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. दर वेळी निकाल लागला की बाबा पहिल्या गाडीनं ती आणायला जायचे. त्या वेळी गेले नाहीत. दिनेशनं विचारलं तर म्हणाले, "राहू दे. त्यांच्याकडं दार बंद असतं."

गज माझ्या दुकानात आहे. दोन खिळ्यांवर आडवा ठेवलाय, त्याच्यावर तयार ब्लाउजांचे हँगर लटकतात. बायका ब्लाउज उतरवून घेतात, हे काय म्हणून कुणी विचारत नाही.

बाबा आता धुरात असतात. मला हे असंच समजतं, दुसऱ्या कुठल्या शब्दानं समजत नाही. बार उडून गेलाय, आवाज डोंगरावरून परत येऊन विरलाय, आणि पांढऱ्यात ते बसून आहेत. काय लागलं, काय सुटलं, दिसत नाही. फरक एवढाच की पूर्वी मी शेजारी असायची आणि ते म्हणायचे, थांब. आता कधीकधी मी शेजारी असते ते त्यांना ठाऊक नसतं. मीच माझ्याशी म्हणते, थांब.

वाघबारशीला मात्र मी चुकत नाही. बार बंद झाला, पण पाड्यानं आमचा मान काढून घेतला नाही. वाघदेवासमोर आता गज ठेवतात, त्यालाच शेंदूर लावतात. यंदाही मी त्या सकाळी हँगर दोरीवर टांगले, गज जुन्या ओढणीत गुंडाळला, वाटेतली दोन गिऱ्हाइकं चुकवली आणि रिक्षात बसले. रानशेत मागे पडलं तशी थंडी लागायला लागली. खाचरांत धसकटं, त्यांच्यावर कोळिष्टकं, कोळिष्टकांवर दव. सगळं अजून पांढरं होतं.

बाबा उंबऱ्यावर बसले होते, घोंगडी पांघरून, दार अडवून. मी अंगणात उभी राहिले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं, सभ्यपणे.

"कोण पायजे?"

आतून वहिनी धावत आली. "बाबा, ताई आल्या ने! तुमची मंगी!"

त्यांनी मान हलवली, पण ती नुसती ऐकल्याची. मी ओढणी सोडली. गज उघडा झाला तशी त्यांची नजर त्याच्यावर गेली आणि तिथंच बसली. घोंगडीतून एक हात बाहेर आला, गजावरून टोकापर्यंत फिरला.

"भरलेली हाय का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, बंदूक कुठं हाय आता..." वहिनी सांगायला लागली. मी हातानंच तिला थांबवलं.

"नाय बाबा," मी म्हटलं, "रिकामी."

"गज टाकून बघितला?"

"बघितला. समतल हाय."

ते भिंतीला हात टेकून हळूहळू एका बाजूला सरकले आणि माझ्यापुरती वाट केली.

"मग ये घरात."